चौसष्ट हात

आधी बोझेनाचं नाव घेते. पुढं जे लिहिणार आहे त्यात माझ्या मनातला काळेपणा इतका येईल, की तिचं नाव मागंच राहून जाईल अशी धास्ती वाटते. इंग्लंडात, लीड्सला आल्यावर चादरीचे कोपरे कसे पकडायचे हे मला तिनं शिकवलं. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की ते फोडायच्या आधी माझ्या शेजारी येऊन बसणारी ती. दातांच्या डॉक्टरला "ही घाबरते, जरा हळू बोला," असं माझ्या वतीनं सांगणारी ती. आणि एका रविवारी ओल्या गवतावर गुडघे टेकून तिनं माझ्यासाठी जे केलं, ते माझ्यासाठी कुणी करेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बोझेना, पोलंडची. एके काळी भाला फेकणारी.

आज मी त्याच मैदानावर आले आहे. दोन बस बदलून. दुसरी बस बरोबर आहे ना हे ड्रायव्हरला दोनदा विचारलं, तेव्हा कुठं बसले. मैदान तसंच आहे. लाल ट्रॅक, मधे हिरवं गवत, एका टोकाला भाला फेकायची पांढरी कमानीसारखी रेघ. एक म्हातारा गवत कापायच्या गाडीवर बसून संथपणे फेऱ्या घालतोय. कापलेल्या गवताचा वास आला आणि मी थबकले. हा वास थोडा आणखी गोड असता, थोडा जळका असता, तर मी माझ्या शाळेच्या मागं उभी असते.

बोझेना मला भेटली ती लॉन्ड्रीत. हॉस्पिटलांच्या चादरी तिथं धुवायला येतात. आत पाऊल टाकलं की वाफ तोंडावर येते, मग ब्लीचचा वास, आणि त्याच्या मागून गरम सुती कापडाचा, तव्यावरच्या भाकरीच्या जवळपास जाणारा वास. त्या शेवटच्या वासाच्या जोरावर मी पहिला महिना काढला. मशीनचा बझर वाजला तरी दचकायचे. कुणी नावानं हाक मारली की वाटायचं, झालं, काहीतरी चुकलं आपलं.

बोझेना मला "पानी" म्हणायची. मला वाटलं बाईला तहान लागली असेल. मी लगबगीनं जाऊन पेला भरून आणायचे. ती माझ्याकडं बघायची, पेल्याकडं बघायची आणि सगळं पाणी पिऊन टाकायची. दिवसातून चार-पाच वेळा असं चालायचं. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या एका पोलिश बाईनं ते पाहिलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोलिशमध्ये पानी म्हणजे बाई, मॅडम. बोझेना मला मान देत होती.

"मग सांगितलं का नाहीस?" मी तिला विचारलं.

"तू इतक्या मनापासून आणायचीस," ती म्हणाली. "आणि पाणी तब्येतीला चांगलं."

आमचं बोलणं दोघींच्या मोडक्या इंग्रजीत चालायचं. इथं मी ते मराठीत लिहिते आहे. घरी हा किस्सा सांगितला तेव्हा आमचे हे पोट धरून हसले. हे रेस्टॉरंटच्या किचनमध्ये असतात, दिवसभर कांद्यात डोळे घालून. म्हणाले, "नावातच आहे की तिच्या. बोजा ना. तुझा बोजा काही तिला होत नाही."

मोठ्या इस्त्रीच्या रोलरवर चादर चढवायला दोघी लागतात. एक डावीकडं, एक उजवीकडं. कोपरे पकडायचे, झटका द्यायचा, सोडायचं. त्या झटक्यात मला तिचा हात दिसायचा. उजवा हात डाव्यापेक्षा जाड, खांद्यापासून मनगटापर्यंत दुसऱ्याच कुणा बाईचा आणून लावल्यासारखा. आणि कोपराच्या आतल्या बाजूला लांब पांढरी शिवण, ऑपरेशनची. मी झटका दिला की चादरीला नुसती लाट यायची. तिनं दिला की चादर आवाज करायची.

"करिअर" हा शब्द इतक्या घरगुतीपणानं मी तिच्याच तोंडून ऐकला. आपण "माझं माहेर" म्हणतो तसं ती म्हणायची, "माय करिअर." ते करिअर मला सलग कधी मिळालं नाही, चादरीमागून चादर यावी तसं तुकड्यातुकड्यांनी आलं. नदीकाठचं गाव. बटाट्याची शेतं. नदीपलीकडं दगड फेकणारी मुलगी पाहून थांबलेल्या शाळेतल्या खेळाच्या बाई. पंधराव्या वर्षी शहरातलं खेळाडूंचं हॉस्टेल. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत हॉलमध्ये भिंतीवर जड चेंडू फेकत बसलेल्या पोरी. रबराचा वास, अंगाला चोळायच्या मलमाचा वास. मांडणीत पळ्या लावाव्यात तसे भिंतीला लावलेले भाले. भाल्याला त्यांच्यात ओश्चेप म्हणतात. हा शब्द उच्चारतानाच काहीतरी हवेतून गेल्यासारखं वाटतं. मग पांढरी-लाल जर्सी, छातीवर गरुड. परदेशातली हॉटेलं, तिथले छोटे साबण तिनं आईसाठी जपून आणले होते. देशात दोनदा दुसरी आली. एकदा पहिली.

आणि एकसष्ट बेचाळीस. तिचा सगळ्यात लांबचा थ्रो. एकसष्ट मीटर, बेचाळीस सेंटिमीटर. आपण जन्मतारीख सांगतो तसं ती हे सांगायची.

मी जळले. दुसरा शब्द नाही. तिच्या पदकांवर नाही जळले, पदकं मी पाहिलीच नव्हती. विमानं, हॉटेलं, गरुड, तेही सगळं मी सोडून दिलं असतं. मला सोडवेना ते बेचाळीस. एकसष्ट मीटर मी समजू शकते, एवढ्या लांब गेलेला भाला कुणालाही दिसतो. पण वरचे ते बेचाळीस सेंटिमीटर? ते वाचायला कुणीतरी खाली वाकलं होतं. डोळे बारीक करून, टेप ताणून धरून, त्या बाईचा एवढासा तुकडासुद्धा सांडू नये म्हणून कागदावर लिहून ठेवलं होतं. घरी भांडी घासताना मी तो आकडा मनात म्हणायचे आणि तो माझा नाही या विचारानं भांडं जोरात आपटायचे. हे विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायचे, "निसटलं."

कारण मीही भाला फेकलेला होता.

आमची शाळा साखर कारखान्याच्या मागं होती. गळीत हंगाम सुरू झाला की सगळ्या गावाला मळीचा वास चढायचा, आंबूस गोड, वहीच्या पानांना, वेणीला, दप्तराला. चिमणीतून काळी राख उडत यायची आणि पांढऱ्या रिबिनींवर बसायची. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की खेळाचा तास. माने सर मैदानाच्या कडेला बाभळीखाली उभे, गळ्यात शिट्टी, तोंडात बडीशेप. भाला कळकाचा, सरांनी स्वतः चुलीवर शेकून सरळ केलेला, पुढं लोहाराकडून बसवून घेतलेलं टोक. मूठ जिथं यायची तिथं माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. घामानं ती चिंधी ओली व्हायची आणि तिचा हिरवा रंग तळहाताला लागायचा. तो हिरवा तळवा घेऊन मी घरी जेवायला बसायचे, हात नीट न धुता, मुद्दाम.

टेप शाळेत नव्हता. "टेप तालुक्याला असतो," सर म्हणायचे, "आपल्याला हात आहे." विहिरीचा दोर मोजतात तसं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. सरांनी स्वतःच्या हातानं मोजून सुतळीला गाठी मारल्या होत्या, दर हाताला एक गाठ. भाला रुतला की दोन पोरी सुतळी धरून पळायच्या आणि सर गाठी मोजायचे. टोक आधी टेकायला पाहिजे. आडवा पडला तर सर नुसते मान हलवायचे, गाठ मोजायचे नाहीत.

एका दुपारी, पाचट जाळल्याचा धूर मैदानावर उतरत होता तेव्हा, माझा भाला त्या धुरात शिरला आणि दिसेनासा झाला. पोरी ओरडत गेल्या. टोक रुतलेलं. सरांनी दोनदा मोजलं.

"चौसष्ट हात," ते म्हणाले. "पोरी, तालुक्याला जायचं. शूज बघू कुणाचे तरी."

मी चौदा वर्षांची होते. नववीत. त्याच हंगामात शाळा सुटली. का सुटली ते सांगून आता काही हाती लागायचं नाही. तालुक्याचा टेप मी पाहिला नाही. पुढची दोन वर्षं भोंगा झाला की माझा उजवा हात आपोआप उचलला जायचा, एवढं आठवतं.

तर लॉन्ड्रीचं कॅन्टीन. जेवणाची सुट्टी. बोझेनाच्या डब्यात बीटाचं लालभडक सूप, माझ्या डब्यात चपाती-भाजी. आमच्याबरोबर कायली म्हणून एक इंग्लिश मुलगी बसायची, सारखी फोनवर. तिनं सहज विचारलं म्हणून बोझेना पुन्हा तो आकडा म्हणाली. एकसष्ट बेचाळीस. आणि माझ्या तोंडून गेलं, "मी पण जॅव्हलिन टाकायचे. शाळेत. सिक्स्टी-फोर."

हात हा शब्द मी गिळला. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, हे खरं. येत असतं तरी म्हटला नसता, हेही खरं.

कायलीनं फोनवर काहीतरी शोधलं. "होल्ड ऑन," ती म्हणाली, "सिक्स्टी-फोर म्हणजे प्रॉपर ऑलिम्पिकवालं झालं ना? आणि तू स्कूलमध्ये होतीस?"

बोझेनानं चमचा खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं.

"टोक आधी टेकलं होतं?"

"हो," मी म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

"मग चांगला थ्रो."

"पण बोझेना, तुझ्यापेक्षा लांब?" कायली सोडेना.

"हो. माझ्यापेक्षा लांब," असं म्हणून तिनं डब्याचं झाकण लावलं. सूप अर्धं तसंच होतं.

ते अर्धं सूप पुढचे तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही. कोपरे पकडायचे, झटका, सोडायचं. मला वाटलं, ही एकच बाई या देशात माझी, आणि तिच्याकडं जे एकुलतं एक होतं, त्यावर मी पाय दिला. तरी मनाच्या तळाशी एक कुजकं समाधानही होतं. निदान तीन दिवस माझा आकडा तिच्यापेक्षा मोठा होता.

गुरुवारी तिनं चादरीपलीकडून विचारलं, "रविवारी मोकळी आहेस?"

आमचे हे म्हणाले, "जा की. चेहरा असा काय केलास? काय केलंस तू?" मी म्हणाले, "काही नाही." रविवारी सकाळी मी इथं आले.

बोझेना इथं सुट्टीच्या दिवशी मुलांना शिकवायला यायची. त्या सकाळी मैदानावर आम्ही दोघीच होतो. रात्रभर पडलेला पाऊस गवतावर तसाच होता. तिनं शेडमधून एक भाला आणला आणि माझ्या हातात दिला. खरा भाला. गार, गुळगुळीत, मुठीला पांढरी दोरी घट्ट गुंडाळलेली. चिंधी नव्हती, रंग सुटणार नव्हता.

"फेक."

मी पळाले. कशी पळाले ते सांगत नाही. भाला थोडासा गेला आणि थकलेल्या माणसासारखा आडवा पडला.

"टोक नाही लागलं," ती म्हणाली. "हा धरायचा नाही." अगदी माने सरांसारखी मान हलवली तिनं, आणि तिथंच माझा बांध फुटला.

"बोझेना, ते चौसष्ट मीटर नव्हते."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू बोललीस तेव्हापासून. मी वीस वर्षं हेच केलं." ती भाला उचलून आणायला गेली आणि परत येता येता म्हणाली, "पण तुझं तोंड खोटं बोलणाऱ्या माणसाचं नव्हतं. म्हणून मी इतके दिवस विचार करते आहे. चौसष्ट काय?"

मी हात वाकवला. कोपराला बोट लावलं, मधल्या बोटाच्या टोकाला लावलं. "हात," मी मराठीतच म्हणाले. "हा एक हात. असे चौसष्ट."

"कुणाचा हात?"

"सरांचा."

"उंच होते?"

"तुझ्याएवढे असतील."

तिनं जॅकेट काढलं, बाही वर सारली आणि पांढऱ्या रेघेशी गुडघे टेकले. उजव्या हाताचं कोपर रेघेवर ठेवलं, हात गवतावर सपाट टेकवला, बोटं ताणली. "इथं बोट ठेव," मला म्हणाली. मी तिच्या मधल्या बोटापुढं माझं बोट ठेवलं. ती पुढं सरकली, माझ्या बोटाशी कोपर लावलं, पुन्हा हात पसरला.

"मोज. तुझ्या भाषेत."

एक. दोन. तीन. ओल्या गवतात गुडघ्यांवर सरकणारी ती उंच बाई, आणि तिच्या शेजारी ओणवी मी. गवताची पाती तिच्या शिवणीला चिकटत होती. पाण्यानं आणि मातीनं तिचा तो हात लॉन्ड्रीत शिरायच्या आधीच्या चादरीसारखा झाला. चाळीसला ती थांबली आणि कोपर चोळू लागली.

"पुरे," मी म्हणाले. "बोझेना, पुरे झालं."

"तुझा थ्रो चाळीसचा होता का?"

"नाही."

"मग गप्प बस आणि मोज."

चौसष्टला तिनं भाला तिथं रोवला. मग जॅकेटच्या खिशातून टेप काढला, एक टोक मला रेघेवर धरायला लावलं आणि दुसऱ्या टोकाशी वाकली. डोळे बारीक केले. एकदा वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"तीस मीटर," ती तिथून म्हणाली. "आणि आठ सेंटिमीटर."

ते आठ सेंटिमीटर. ते तिनं सांडू दिले नाहीत.

मी तिथंच ट्रॅकवर बसले. ती माझ्याजवळ येऊन बसली, थर्मासमधला चहा ओतला. शाळा, सर, भाला, सगळं मी तिला तुटक तुटक सांगितलं. "किती वर्षांची होतीस? चौदा? पायात काही नाही? भाला बांबूचा?" प्रत्येक प्रश्नाला मी मान डोलावली. "चौदाव्या वर्षी माझे अठ्ठावीस होते," ती म्हणाली. ते खरं होतं की खरा आकडा पाण्याच्या पेल्यासारखा तिनं माझ्यासाठी मुकाट पिऊन टाकला होता, हे मला आजही ठरवता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर हेव्याची एखादी रेघ दिसते का, ते मात्र मी शोधत होते. मिळाली असती तर मी ती जन्मभर जपून ठेवली असती.

मग चहा पिता पिता तिनं मला ते सांगितलं, जे कॅन्टीनमध्ये कधी सांगितलं नव्हतं. एकसष्ट बेचाळीस हा तिचा सगळ्यात लांबचा थ्रो नव्हता. सगळ्यात लांबचा शेवटचा होता. तिच्याच शहरातलं स्टेडियम, आई समोर बसलेली. भाला हातातून सुटला त्याच क्षणी कोपरात काहीतरी फाटलं, ओल्या कापडासारखं. ती तोल जाऊन रेघेपलीकडं पडली. पडल्या पडल्या तिनं पाहिलं: भाला पासष्टच्या खुणेच्या पुढं जाऊन रुतला. टोक आधी. पण पाय रेघेबाहेर गेला होता. लाल झेंडा.

"मग किती होता तो?" मी विचारलं.

"लाल झेंडा वर गेला की कुणी मोजत नाही. भाला उपटून आणतात. भोक एका पावसात बुजतं." तिनं उरलेला चहा गवतावर ओतला. "पण तो माझा होता."

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण लिहिते. माझ्यासाठी चौसष्ट वेळा वाकलेला, मातीनं भरलेला तिचा हात माझ्या शेजारी होता, आणि तिचाही सगळ्यात मोठा आकडा कुठल्याच कागदावर नाही हे ऐकून माझ्या मनाला गोड वाटलं. तिचं करिअर जिथं फाटलं होतं, तिथं मला बसायला जागा मिळाली.

सोमवारी कायलीनं विचारलं, "सो? मोजलं का?"

"मोजलं," बोझेना म्हणाली. "बरोबर चौसष्ट. तिच्याकडचं माप वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे?"

"तुमचे माइल वेगळे नाहीत का?"

"फेअर इनफ," म्हणून कायली परत फोनमध्ये गेली. बोझेनानं त्या दिवशी सूप सगळं संपवलं.

पुढं तिची आई थकली आणि ती गावी परतली. त्याला दोन वर्षं झाली. जाताना तिचा टेप मला देऊन गेली, म्हणाली, "तुझ्या तालुक्याचा समज." रोलरवर आता माझ्यासमोर दुसरी बाई असते. चांगली आहे. तिनं झटका दिला की चादरीला नुसती लाट येते. मधूनमधून बोझेनाचे फोटो येतात, नदी, बटाट्याची फुलं, खुर्चीतली आई. फोटो पाहिले की माझ्या पोटात आजही थोडं दुखतं. तिला परत जायला नदी आहे. बाभळीखाली आता कोण उभं असतं, मला माहीत नाही.

गवत कापणाऱ्या म्हाताऱ्यानं गाडी थांबवली आहे, कारण मी पांढऱ्या रेघेशी गुडघे टेकून बसले आहे. "काही हरवलं का, लव्ह?" त्यानं विचारलं, इथं सगळ्यांनाच म्हणतात तसं. मी म्हणाले, "नो, नो. मेजरिंग." त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि माझ्याभोवती वळसा घालून गेला.

मला फक्त माझा हात किती भरतो ते बघायचं होतं. कोपर रेघेवर, बोटं ताणून, शेजारी तिचा टेप. मी वाकले, डोळे बारीक केले. बेचाळीस सेंटिमीटर. पुन्हा पाहिलं. बेचाळीसच.

बोझेना, मला पोलिश येत नाही, तुला मराठी येत नाही, आणि हे तू वाचणार नाहीस. तरी शब्द देते. एक दिवस मी तुझ्या शहरात येईन. ट्रेन बरोबर आहे का ते दहा जणांना विचारीन, पण येईन. त्या स्टेडियममध्ये तू मला फक्त जागा दाखव, भोक बुजलं असलं तरी तुला ती ठाऊक असणार. मग तू उभी राहून मोज, तुझ्या भाषेत. मी गुडघे टेकीन आणि रेघेपासून हात मांडत जाईन. दीडशेच्या वर होतील, होऊ देत. आणि शेवटचा हात अर्धाच भरला, तर तेवढाही मोजू.